भावाच्या मेंदूत दहा दिवस तारा होत्या, झटका सेकंदासकट लिहिला गेला पण त्याच्या मनाचं कुणी विचारलंच नाही

बोरीकाठ:
नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते इथं, आज पहिल्यांदा धागा काढतेय, लांबण लागेल, सांभाळून घ्या.

माझा धाकटा भाऊ 27 वर्षांचा. अमळनेरजवळचं गाव आमचं, मी नोकरीला धुळ्याला. तो नववीत असताना शाळेच्या मैदानावर पहिल्यांदा पडला, तेव्हा कुणी कांदा फोडून नाकाशी धरला, कुणी चप्पल हुंगवली, आणि संध्याकाळपर्यंत गावभर झालं की अमक्याच्या पोराला फेफरं आहे. त्यानंतर जळगाव, धुळे, नाशिक सगळं झालं. तीन तीन गोळ्या चालू असूनही महिन्याला चार-पाच फिट येतातच. आता तो पडत नाही फारसा, त्याचं वेगळंच असतं, आधी पोटातून भीती वर चढते म्हणतो, मग नजर थिजते, तोंड चघळल्यासारखं हलतं, हात शर्टाच्या बटणाशी खेळत राहतात, दीड-दोन मिनिटं, आणि नंतर त्याला त्यातलं काही आठवत नाही.

एमआरआयमध्ये नीट काही दिसेना म्हणून यंदा मुंबईच्या एका हॉस्पिटलात त्याच्या मेंदूत तारा घातल्या, 11 तारा, 10 दिवस. गोळ्या हळूहळू कमी करतात म्हणजे फिट यावी आणि ती नेमकी कुठून उठते ते सापडावं. समोर कॅमेरा, बाजूला स्क्रीनवर रेघाच रेघा, उशाशी मी.

आता जे सांगायचंय ते. चौथ्या दिवशी सकाळी तो भिंतीकडे तोंड करून रडत होता. कारण काहीच नाही. डबा तसाच. मला म्हणे, "ताई, माले काय व्हस ते मालेच समजत नही, पन आते जगू नही असं वाटस." मी घाबरून सिस्टरला बोलावलं, ती म्हणाली अहो टेन्शन येतंच सगळ्यांना. त्याच दिवशी संध्याकाळी मोठी फिट आली. त्या फिटचं सगळं लिहिलंय, कितव्या सेकंदाला कुठल्या तारेतून उठली, हात कधी वळला, बोलायला कधी लागला. सकाळच्या रडण्याचा एक शब्द नाही. सहा पानांचं डिस्चार्ज कार्ड आहे, मन हा विषयच नाही त्यात. तारा तर तेव्हाही डोक्यातच होत्या ना! मशीन चालूच होतं!

घरी आल्यावर रात्र रात्र वाचलं तेव्हा कळलं की अमेरिकेत अशाच तारा घातलेल्या पेशंटना दिवसातून अधूनमधून विचारतात की आत्ता मन कसं आहे, आणि मग मेंदूतल्या रेघा त्या उत्तराशी ताडून बघतात. म्हणजे माझ्या मनात जे आलं ते वेड्यासारखं नव्हतं. आई अजून म्हणते "याले बाहेरनं लागेल शे", वडील म्हणतात स्वभावच कुढा आहे. मला ठामपणे वाटतं की दोन्ही नाही, हा त्याच्या आजाराचाच भाग आहे. कुणाच्या घरी असं आहे का, आणि या तारांच्या अभ्यासाबद्दल नीट माहिती असणारं इथं कुणी आहे का?

केळीबाग_रावेर:
ताई, वाचून गलबललो. माझ्या काकांना होतं हे. सगळं खानदान म्हणायचं तापट माणूस, जमदग्नी. आता आठवतं की ते दोन दिवस कुणाशी बोलायचे नाहीत, भांडी आपटायचे, आणि तिसऱ्या दिवशी मळ्यात पडलेले सापडायचे. पडून गेले की आठवडाभर देवमाणूस. आम्ही पोरं म्हणायचो काकांचं वादळ येऊन गेलं. चाळीस वर्षांत एकाही डॉक्टरला आम्ही ते दोन दिवस सांगितले नाहीत कारण ते सांगायचं असतं हेच माहीत नव्हतं.

ईईजीवाला_धुळे:
मी ईईजी, म्हणजे मेंदूतल्या लहरींच्या रेघा, काढणारा टेक्निशियन आहे, मूळ धुळ्याचा, 14 वर्षं हेच काम करतोय, सध्या पुण्यात. डॉक्टर नाही, तेव्हा उपचाराचं काही सांगणार नाही पण तारांचं सांगू शकतो.

डोक्यावर चिकटवून जो ईईजी काढतात त्यात कवटीतून गाळून आलेला आवाज असतो, शेजारच्या घरातलं भांडण भिंतीपलीकडून ऐकावं तसा. भीती, आठवण, मन लागणं-न लागणं या गोष्टींशी ज्यांचा जवळचा संबंध ते अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पस कानाच्या आतल्या बाजूला खूप खोल असतात, त्यांचं बाहेरून धड ऐकूच येत नाही. तार आत गेली की थेट त्या खोलीत बसल्यासारखं. ही पद्धत पॅरिसच्या सेंट-आन हॉस्पिटलात तालेराक आणि बांको या दोघांनी 1950 नंतरच्या काळात उभी केली. तार साधारण 0.8 मिमी जाडीची, कवटीला बारीक भोक पाडून घालतात, एकेका तारेवर आठ ते अठरा ठिकाणी ऐकण्याचे बिंदू. खुद्द मेंदूला दुखणं कळत नाही. धोका थोडा पण खरा आहे, रक्तस्राव होण्याचं प्रमाण शंभरात साधारण एक, म्हणून धडधाकट माणसाच्या डोक्यात अभ्यासासाठी तारा घालायचा प्रश्नच येत नाही. ज्याला फिटसाठी घालायच्याच आहेत तोच माणूस या अभ्यासाची मुख्य खिडकी.

ताई म्हणताय तो अभ्यास सॅन फ्रान्सिस्कोच्या युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियातला असणार, एडवर्ड चँग आणि विकास सोहल यांच्या गटाचा, 2018 मध्ये 'सेल' नावाच्या जर्नलमध्ये आला. 21 पेशंट, सगळे एपिलेप्सीचे म्हणजे फिटच्या आजाराचे, तारा फिटसाठीच घातलेल्या. आठ-दहा दिवस रेकॉर्डिंग सतत चालू आणि अधूनमधून पेशंट स्वतःच टॅबलेटवर भरणार की आत्ता मन कसं आहे. मग त्यांनी बघितलं की मेंदूचे कुठले भाग एकमेकांच्या तालात चालतात. आपल्याकडे दिंडीत टाळ आणि मृदंग एकमेकांचा ठेका धरतात ना, तसं. 21 पैकी 13 जणांत एकच जोडी सापडली, अमिग्डाला आणि हिप्पोकॅम्पस, ठेका बीटा लहरींचा, म्हणजे सेकंदाला 13 ते 30 वेळा. या जोडीचा ठेका कधी घट्ट जुळणार कधी सुटणार, हा चढउतार वाढला की पेशंट लिहिणार मन वाईट आहे. उरलेल्या 8 जणांत हे दिसलं नाही. आणि त्या 13 जणांचा मुळातच चिंतेकडे कल जास्त होता.

तुमचा चौथ्या दिवसाचा प्रसंग वाचून मी दोन मिनिटं स्क्रीनकडे बघत बसलो. आम्हा टेक्निशियन लोकांना शिकवतात की फिट आली की बटण दाबा, खूण करा. पेशंट रडला तर खूण करा असं मला तरी कुणी शिकवलं नव्हतं. गेल्या महिन्यापासून मी स्वतःहून करायला लागलोय, "सकाळी 9:40, रडतोय, जेवण नको म्हणाला". एवढं लिहायला पाच सेकंद लागतात.

एरंडोलकर:
मला एक खटकतंय, स्पष्टच लिहितो. माणूस डोक्याला पट्ट्या बांधून दहा दिवस पलंगावर, गोळ्या कमी केलेल्या, घाबरलेला, आणि त्यात त्याला अभ्यासाचे प्रश्न विचारायचे? तो नाही कसा म्हणणार? त्याचं ऑपरेशन त्याच डॉक्टरांच्या हातात आहे. आपल्याकडचा माणूस तर डॉक्टरसमोर आवाजही काढत नाही, अंगठा मागितला तर अंगठा देतो. हे गरिबाच्या डोक्यावर प्रयोग करण्यासारखंच आहे, माझं चुकत असेल तर सांगा.

ईईजीवाला_धुळे:
चुकत नाहीये, हा प्रश्न विचारलाच पाहिजे. नियम असे की तार कुठे आणि किती घालायची हे फक्त फिटच्या हिशोबानं ठरतं, अभ्यासासाठी एकही जादा तार नाही. अभ्यासाची संमती वेगळ्या कागदावर, ती एथिक्स कमिटीनं तपासलेली असते, आणि कधीही नाही म्हणता येतं, त्यानं उपचारात फरक पडता कामा नये. पण तुमचा मुद्दा कागदावर सही आहे की नाही याच्या पुढचा आहे, हे मान्य. माझ्या मते संमती विचारणारा माणूस ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरांहून वेगळा असावा, घरचं माणूस सोबत असावं आणि आपल्या भाषेत समजावलेलं असावं. अहिराणीत समजावलं तर आणखी बरं.

बोरीकाठ:
@एरंडोलकर दादा, तुमची काळजी कळते. पण खरं सांगू, मला त्या दहा दिवसांत प्रश्न जास्त विचारल्याचा त्रास झाला नाही, न विचारल्याचा झाला. कुणीतरी येऊन "आज कसं वाटतंय, एक ते दहामध्ये सांग" एवढं जरी म्हणालं असतं तरी तो बोलला असता. अभ्यासासाठी नाही तर निदान त्याच्यासाठी.

मानसी_शहादा:
मी समुपदेशक आहे, शहादा-तळोदा भागात काम करते, धडगावकडचेही लोक येतात. ताई, सगळ्यात आधी एक. "जगू नही असं वाटस" हे वाक्य त्याच्या न्यूरो डॉक्टरांना आणि मानसोपचारवाल्यांना तुम्ही आजच कळवा, पुढच्या तारखेची वाट बघू नका. रात्री-अपरात्री काही वाटलं तर सरकारची टेलि मानस हेल्पलाइन आहे, 14416, मराठीतही बोलतात. एपिलेप्सीच्या लोकांमध्ये जीव द्यायचे विचार इतरांपेक्षा जास्त येतात ही जुनी जाणलेली गोष्ट आहे, घाबरवायला नाही सांगत, दुर्लक्ष होऊ नये म्हणून सांगते.

आता समजून घ्यायचं. फिटवाल्याची उदासी एकाच प्रकारची नसते, ती कधी येते हे बघावं लागतं. काहींना फिटच्या आधी तास-दोन तास किंवा दिवसभर चिडचिड, रडू, अंधारून आल्यासारखं. तुमच्या भावाचं आणि रावेरच्या काकांचं असंच दिसतंय. काहींना ती भीती म्हणजेच फिट असते, पोटातून वर चढते म्हणतो ना तो, ती बरेचदा फिटची सुरुवातच असते, आणि लोक तिला पॅनिक समजून वर्षानुवर्षं दुसरेच उपचार करत बसतात. काहींचं नंतर. हे नंतरचं फार फसवं असतं, लागोपाठ फिट येऊन जातात, माणूस एखादा दिवस अगदी बरा दिसतो, आपण सुटकेचा श्वास घेतो आणि मग तो भलतंच बोलायला लागतो, संशय, आवाज ऐकू येणं. अशा वेळी घरचे हमखास भगताकडे नेतात, कारण "फिट तर थांबली, मग हे काय नवीन". मी भगताकडे जाऊ नका असं कधी म्हणत नाही, म्हटलं तर ते माझ्याकडे यायचं बंद करतील, मी म्हणते नारळ वाहा आणि तसेच थेट दवाखान्यात या.

आणि उरलेली उदासी म्हणजे रोजची, फिट असो नसो. लग्न मोडलं, गाडी चालवायची नाही, विहिरीवर जायचं नाही, सगळे नजर ठेवून. त्यात गोळ्यांचाही हात असू शकतो. लेव्हेटिरासिटाम या फिटच्या गोळीवर काही लोक भयंकर चिडके आणि उदास होतात. मनानं बंद मात्र अजिबात करायची नाही, एकदम बंद केली तर फिटवर फिट येऊ शकते. डॉक्टरांना सांगा, ते बदलून देतात.

एपिलेप्सीवाल्यांसाठी मुद्दाम केलेली सहा प्रश्नांची एक छोटी प्रश्नावली आहे, बाहेर बाकावर बसल्या बसल्या तीन मिनिटांत भरून होते. ओपीडीत पन्नास माणसं रांगेत असतात हे मला माहीत आहे, तरी तीन मिनिटं निघतात.

केळीबाग_रावेर:
लग्नाचं निघालंच आहे म्हणून, पूर्वी हिंदू विवाह कायद्यातच लिहिलेलं होतं की वारंवार झटके येणाऱ्याचं लग्न रद्द होऊ शकतं, 1999 मध्ये ते काढलं. काकांचं लग्न त्याआधी मोडलं. कायद्यातून गेलं पण सोयरीक बघताना अजून तेच.

सातपुडा77:
मी स्वतः पेशंट. चोपडा. फार कमी लिहितो इथं पण आज राहवलं नाही.

ती भीती कशी असते ते बाहेरच्याला कळत नाही. साप समोर आल्यावर वाटते ना ती भीती, पण साप नाही. समोर बायको चहा घेऊन उभी आहे, सगळं रोजचं आहे, आणि आतून ओरडणं चाललंय की आता संपलं. वीस सेकंद. मग पुढचं आठवत नाही. पहिली दहा वर्षं मी ही गोष्ट कुणालाच सांगितली नाही, कारण फिट म्हटल्यावर लोक पाणी आणतात आणि उगाच भीती वाटते म्हटल्यावर हसतात.

माझ्याही डोक्यात तारा होत्या, दक्षिणेत एका हॉस्पिटलात, सात दिवस. तिथं एका डॉक्टर मॅडमनी एक गोष्ट केली. कुठून फिट उठते ते तपासताना तारेतून हलका करंट सोडतात, तेव्हा एका बिंदूवर सोडला आणि माझी तीच भीती आली. तीच! तोच चढ, तोच घास अडकल्यासारखा गळा. करंट बंद, भीती बंद. मी रडलो. दुःखानं नाही. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला दिसलं की ही भीती म्हणजे मी नाही, ही एका जागेवरून येते आणि ती जागा बोट ठेवून दाखवता येते.

ऑपरेशन झालं, फिट जवळजवळ थांबल्या. पण एक सांगतो जे मला आधी कुणी सांगितलं नव्हतं, ऑपरेशननंतर चार-पाच महिने मी फार खाली गेलो होतो. फिट नाही, सगळे खूष, पेढे वाटले, आणि मी ओट्यावर बसून वाट बघतोय की कधी रात्र होईल. मग गोळी चालू केली उदासीची, हळूहळू निवळलं. तुमच्या भावाचं ऑपरेशन झालं तर तेव्हाही त्याच्याकडे लक्ष ठेवा. तेव्हा जास्त.

एरंडोलकर:
सातपुडा भाऊ, तुमचं वाचून मी माझं पहिलं म्हणणं थोडं मागे घेतो. संमतीचं नाही, ते तसंच आहे, पण प्रयोग हा शब्द मागे घेतो. मग ईईजीवाले दादा, करंटनं भीती आणता येते तर उदासी घालवताही येत असेल ना? तसं काही झालंय का कुठं?

ईईजीवाला_धुळे:
झालंय, पण फार जपून वाचायला हवं. त्याच 2018 मध्ये चँग यांच्याच गटानं 25 एपिलेप्सी पेशंटमध्ये डोळ्यांच्या वर कपाळामागे जो मेंदूचा भाग आहे, त्याच्या बाहेरच्या बाजूला हलका करंट देऊन बघितला. ज्यांच्यात मुळात उदासी मध्यम किंवा जास्त होती त्यांचं मन तेवढ्यापुरतं सुधारलं, बोलण्यातही फरक दिसला. ज्यांना उदासी नव्हतीच किंवा नावापुरती होती त्यांना काहीच झालं नाही. म्हणजे नशा चढवल्यासारखं नव्हतं, बिघडलेलं ताळ्यावर आणल्यासारखं होतं. हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

मग 2021 मध्ये तिथूनच आलं की एका 36 वर्षांच्या बाईला, जिला फिट नव्हत्या, फक्त कुठल्याच गोळीला दाद न देणारी उदासी होती, आधी दहा दिवस तारा घालून तिच्या मेंदूतली उदासीची खूण शोधली, अमिग्डालातल्या गॅमा लहरी (बीटाहून जलद), आणि मग असं यंत्र बसवलं जे ती खूण दिसली की दुसऱ्या एका ठिकाणी सहा सेकंद करंट देतं. यंत्र मुळात फिटसाठी केलेलंच, अमेरिकेत 2013 पासून मंजूर. तिला चांगला फरक पडला. पण बाई एक, हे विसरायचं नाही. एका झाडाला घड चांगला आला म्हणून सगळ्या बागेचा भाव ठरवत नाहीत.

आणि एपिलेप्सीवाल्यांच्या अभ्यासाचीही मर्यादा आहेच. तारा तिथंच असतात जिथं फिटचा संशय आहे, मनाच्या दृष्टीनं महत्त्वाच्या जागा सुटू शकतात. गोळ्या कमी केलेल्या, झोप नाही, घर लांब, ऑपरेशनची धास्ती, तेव्हा ती उदासी आजाराची किती आणि परिस्थितीची किती हे वेगळं काढणं अवघड. जिथून फिट उठते तो भागच जर अमिग्डाला असेल तर बिघडलेल्या तबल्यावर ताल शोधण्यासारखं होतं. माणसं 21, 25 अशीच. तरी हे मोलाचं आहे, कारण इतक्या जवळून दुसरीकडून ऐकताच येत नाही.

आपल्याकडे म्हणाल तर तिरुवनंतपुरमच्या श्री चित्रा या हॉस्पिटलात एपिलेप्सी सर्जरी 1995 पासून चालते, आता मुंबई, दिल्ली, बेंगळुरूलाही होते, तारा घालणंही होतं. सोय आहे, रेकॉर्डिंग आहे. शेजारी एक वही हवी फक्त.

बोरीकाठ:
वहीवरून आठवलं. @मानसी_शहादा ताई, तुम्ही लिहिलं त्याच दिवशी मी डॉक्टरांना फोन केला, बाकीचं नंतर लिहिते.

बोरीकाठ:
सात आठवड्यांनी लिहितेय, उशीर झाला, माफ करा.

फोन केला त्या आठवड्यात धुळ्याला मानसोपचारवाल्या मॅडमना दाखवलं, त्यांनी मुंबईच्या न्यूरोशी बोलून एक गोळी बदलली आणि उदासीची एक चालू केली. दोन-तीन आठवडे काही फरक नव्हता, मी निराश झाले होते, आता तो जेवायला स्वतःहून ताटावर येतो.

आणि वही घातली. शंभर पानी, साधी. सकाळ-संध्याकाळ एक आकडा, 1 ते 10, आणि जमलं तर एक ओळ. फिट आली तर लाल पेनानं वेळ. सुरुवातीला मी फोन करून विचारायचे आणि आई लिहायची, आई तिसरी शिकलेली आहे. सात आठवड्यांत 9 फिट. त्यातल्या 6 फिटच्या आदल्या दिवशी किंवा त्याच सकाळी आकडा 3 किंवा त्याच्या खाली. दोनदा आकडा बराच असताना आली. एकदाची नोंदच नाही, आम्ही सगळे लग्नाला गेलो होतो. आणि चार वेळा आकडा 2 होता आणि फिट आलीच नाही, हेही लिहायला हवं, नाहीतर मीच मला हवं तेवढं बघेन. त्यातला एक दिवस तो होता ज्या दिवशी त्याच्या बरोबरीच्या मित्राचा साखरपुडा होता. ती उदासी कुठल्या तारेत सापडली असती मला माहीत नाही, ती आपल्यासारखीच उदासी असेल.

आईनं एक दिवस वही बघून स्वतःच म्हटलं, "बाहेरनं लागतं तं इतकं टायमावर लागतं का." मी काही बोलले नाही, तिला तेवढं पुरे.

मुंबईला फॉलोअपला वही घेऊन गेलो. न्यूरो डॉक्टरांनी पानं उलटली, मग पुन्हा पहिल्यापासून उलटली, आणि ज्युनियरला सांगितलं की याचे फोटो काढून फाइलला लावा आणि त्या चौथ्या दिवसाच्या सकाळचं रेकॉर्डिंग काढा. होतं ते रेकॉर्डिंग. सापडलं काय ते अजून सांगितलेलं नाही, कदाचित काहीच नसेल. पण काढा म्हणाले तेव्हा भावानं माझ्याकडे बघितलं, मी ते बघणं कधी विसरणार नाही.

ऑपरेशनबद्दल पुढच्या महिन्यात मीटिंग आहे, त्यात मानसोपचारवाले पण बसणार आहेत. @सातपुडा77 दादा, तुमचं लिहिलेलं त्याला वाचून दाखवलं, साप समोर नाही ते, तो म्हणाला "हाई बरोबर शे, यानी मनंच लिखेल शे" (यानं माझंच लिहिलंय). त्याला तुमच्याशी बोलायचंय, चालेल का?

आणि मीटिंगसाठी तीन-चार दिवस राहावं लागेल, आई पण येणार आहे, परळ-दादर साइडला तिघांना राहायला परवडणारी जागा कुणाला माहीत असेल तर सांगा.

सातपुडा77:
चालेल काय, नंबर मेसेज केलाय. संध्याकाळी सातनंतर कधीही करा, तोवर मळ्यात रेंज नसते.

केळीबाग_रावेर:
ताई, परळला आमच्या गावच्या लोकांची उतरायची एक धर्मशाळा आहे, पेशंटचे कागद दाखवले की घेतात. पत्ता मेसेज करतो. जाण्याआधी आठ दिवस सांगा, मी फोन करून ठेवतो.